जांभळ्याला मान्यता नाही

"हा रंग तुम्हाला कोणी दिला?"

ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत राहायला आल्यावर पहिल्याच रविवारी मी कचऱ्याचा डबा फाटकाबाहेर ठेवत होतो, तेव्हा समोरच्या घरातून रस्ता ओलांडून आलेल्या गृहस्थांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नमस्कार नाही, नाव नाही, गाव नाही. मी खाली बघितलं. माझ्या अंगात जांभळा टी-शर्ट होता. म्हटलं, बायकोनं दिला, पुण्याला सेलमध्ये घेतला होता. ते जरा विचारात पडले.

"बायकोला तो अधिकार नसतो," ते म्हणाले, आणि मग एकदम हसून त्यांनी हात पुढे केला. "वायंगणकर. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असतो. तुमच्या मिसेस काल मूव्हर्सवर मराठीतून ओरडत होत्या, तेव्हाच बरं वाटलं. चहा झाला का?"

वायंगणकर काका साठीला आलेले, उंच, किडकिडीत, मूळचे वेंगुर्ल्याकडचे. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी ते या सोन्याच्या खाणींच्या गावात आले आणि इथेच राहिले. इथे कोणी राहत नाही, हे आधी सांगायला हवं. माझ्यासारखे इंजिनिअर येतात, तीन-चार वर्षं खाणीत काढतात आणि पर्थला पळतात. डॉक्टर तर त्याहून लवकर. मराठी घरं कधी सात असतात, कधी अकरा. ही सगळी येणारी-जाणारी घरं काकांनी बघितली, आणि प्रत्येक घराला त्यांनी एक ढाल दिली.

ढाल म्हणजे युरोपातल्या सरदार-घराण्यांची कुलचिन्हं असतात ना, तशी. काका त्या शास्त्राला 'ढालविद्या' म्हणतात. ती काय आहे हे मी थोडक्यात सांगतो. काकांनी मला ती थोडक्यात सांगितली नव्हती. ढालीवर दोन धातू चालतात, सोनं आणि चांदी, म्हणजे पिवळा आणि पांढरा. रंग चालतात लाल, निळा, काळा, हिरवा. रंगावर रंग ठेवायचा नाही, धातूवर धातू ठेवायचा नाही, म्हणजे युद्धाच्या धुरळ्यातही माणूस लांबून ओळखू येतो. एवढं झाल्यावर काका थांबतात आणि आवाज खाली आणून सांगतात, "पाचवा रंग जांभळा. पण तो संशयित आहे."

जुन्या पंडितांमध्ये म्हणे यावर वाद होते. कोणी त्याला रंग मानायचं, कोणी म्हणायचं की तो धातूसारखाही वागतो, कोणी त्याला यादीतच घ्यायचं नाही. जुन्या ढाली बघत गेलात तर शेकड्यांमध्ये एखादी जांभळी सापडते. त्यामुळे काकांनी आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता. कालगुर्लीच्या मराठी मंडळींमध्ये कोणालाही जांभळा मिळणार नाही. "मान्यता नाही," ते म्हणायचे. हे त्यांचं आवडतं वाक्य. ते जांभळ्यापासून सुरू झालं असावं, पण पुढे सगळीकडे पसरलं. बटर चिकन भरलेल्या 'पाय' नावाच्या इथल्या पेस्ट्रीला मान्यता नाही. मोदकाच्या साच्याला मान्यता नाही. आमच्या मुलीनं, इरानं, पहिल्या दिवशी त्यांना आजोबा म्हटलं. त्यालाही मान्यता नाही, काका म्हणायचं.

आता गंमत अशी की या माणसाचा दिवस जांभळ्यातच जायचा. लॅबमध्ये रक्ताच्या तपासणीला येणाऱ्या निम्म्या नळ्यांना जांभळी टोपणं. जंतू बघायला काचेवर घालतात तो रंग जांभळा. काकांनी यावर तोडगा काढला होता. कामावर ते त्या टोपणाला 'लॅव्हेंडर' म्हणत. त्यात भर म्हणजे पर्थच्या बाजूच्या एका फुटी, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या, टीमचा रंग जांभळा, आणि लॅबमधला त्यांचा सहकारी केव्ह त्या टीमचा भक्त. टीम जिंकली की सोमवारी काकांच्या मायक्रोस्कोपच्या गळ्यात जांभळा स्कार्फ. काका तो दोन बोटांनी उचलून, घडी घालून, केव्हच्या टेबलावर ठेवत आणि "नो वरीज, मेट" म्हणत. ते म्हणताना त्यांचा चेहरा मात्र वरीड दिसायचा.

ढाल कशी द्यायची याचीही त्यांची पद्धत होती. आडनावावरून चिन्ह काढायचं, कारण जुने लोकही आडनावांवर कोट्या करूनच ढाली बनवत, असं त्यांचं म्हणणं. तुपे म्हणून एक खाणीतला ट्रक ड्रायव्हर होता, त्याला लाल ढालीवर सोन्याची तुपाची लोटी. भूल देणाऱ्या डॉक्टर वाघमारे बाईंच्या ढालीवर मारलेला वाघ काढायचा होता, पण बाई पडल्या माळकरी. त्यांनी हिंसेला नकार दिला. काका तीन दिवस अस्वस्थ होते. शेवटी त्यांनी झोपलेला वाघ काढला आणि बाईंना सांगितलं, तुमच्याच भुलीनं झोपलाय. बाई इतक्या खूश झाल्या की ती ढाल त्यांनी क्लिनिकमध्ये लावली. आम्ही आहेर. आम्हाला काळ्या ढालीवर, काळी म्हणजे खाण, रिबिनीत बांधलेलं सोनेरी खोकं मिळालं. लॅमिनेट करून, दिवाळीच्या दिवशी, फराळाच्या ताटाबरोबर. पुढे अधूनमधून ते 'सहज' येऊन ती भिंतीवर आहे ना ते बघून जायचे.

ढालविद्येचा सगळ्यात जास्त त्रास झाला तो पत्ते सांगताना. ढालीची उजवी बाजू म्हणजे ती धरणाऱ्याची उजवी; बघणाऱ्याला ती डावीकडे दिसते. काकांच्या हाडात हे इतकं मुरलं होतं की रस्ता सांगतानाही ते इमारतीची उजवी सांगत. आमच्याकडच्या पहिल्या गणपतीला त्यांनी हौसेनं सगळ्यांना फोन करून पत्ता दिला: टायरच्या दुकानाच्या उजव्या हाताला वळा. आरतीला आम्ही तिघं, काका आणि देव. बाकी सगळे टायरच्या दुकानाच्या उलट्या अंगाला, नैवेद्याचे डबे घेऊन, एका ऑस्ट्रेलियन आजींच्या अंगणात उभे. आजींनी त्यांना थंड पाणी दिलं आणि एक मोदकही ठेवून घेतला. काकांचं म्हणणं शेवटपर्यंत एकच, दुकान ज्या दिशेला तोंड करून उभं आहे ते बघा ना.

रुचाला, माझ्या बायकोला, आधी त्यांची भीती वाटायची. तिची जांभळी पैठणी बघून ते हिरव्या काठाकडे बोट करून म्हणाले होते, रंगावर रंग आहे, पण मध्ये जरीचं सोनं आहे म्हणून चालवून घेतो. पिवळं श्रीखंड त्यांना पितळी वाटीत दिलं की धातूवर धातू नको म्हणून ते उठून स्वतः निळी वाटी आणायचे. पण त्यांच्या मागच्या अंगणात, शेडक्लॉथच्या सावलीत, कढीपत्त्याचं एक झाड होतं. सहाशे किलोमीटरच्या परिघात असलं झाड नाही असा त्यांचा दावा. त्या झाडावर आमचा संसार चालायचा. इरा रोज संध्याकाळी रस्ता ओलांडून जायची, त्यांच्याकडे येणाऱ्या गुलाबी-करड्या गाला पोपटांना बिया घालायची, आणि मूठभर कढीपत्ता घेऊन परत यायची. काका तिला 'बाय' म्हणत. इरा नऊ वर्षांची, ती त्यांना मराठीत विचारलेल्या प्रश्नांची इंग्रजीत उत्तरं देई, आणि दोघांचं छान चालायचं.

ते बिघडलं चौथीच्या प्रोजेक्टमुळे. मिसेस डॉयल नावाच्या इराच्या टीचरनं वर्गाला सांगितलं, आपापल्या घराची ढाल काढून आणा. इरा आनंदानं उड्या मारत, कागद घेऊन समोर गेली. दहा मिनिटांत पाय आपटत परत आली.

झालं होतं ते असं. काकांनी आमची काळी ढाल काढून दाखवली, म्हणाले ही आहेच की, हीच काढ. इराला खोकं नको होतं. तिला गाला हवा होता आणि मागे जांभळा हवा होता. गुलाबी हा ढालीत रंगच नाही, काका म्हणाले. तरी पोपटाचं बघू, चांदीचा करू. पण जांभळा असा मागून मिळत नाही. इरानं विचारलं, मग कोण देतं? काका म्हणाले, इथे मीच देतो. इरा म्हणाली, "देन गिव्ह इट." ते म्हणाले, मान्यता नाही. इरा म्हणाली, देन आय डोन्ट नीड यू, आणि आली निघून.

मग तिनं आपली ढाल आपणच काढली. गर्द जांभळी, मध्ये गुलाबी गाला, त्याच्या चोचीत कढीपत्त्याची डहाळी. मला ती फार आवडली, पण समोर ऐकू जाईल या भीतीनं मी हळू आवाजात कौतुक केलं. पुढचे दहा दिवस इरा समोर गेली नाही. दहा दिवस आमच्या आमटीत कढीपत्ता नव्हता. मी आणायला निघालो तर रुचानं अडवलं. तिचं म्हणणं, मुलीला एकटं पाडायचं नाही. काका संध्याकाळी पोपटांना बिया घालताना आमच्या फाटकाकडे बघत असायचे. पोपटसुद्धा आमच्याच फाटकाकडे बघतात असं मला वाटायला लागलं होतं.

अशात मिसेस डॉयल रक्त तपासायला हॉस्पिटलात गेल्या. त्या दिवशी माणूस कमी म्हणून रक्त काढायला काकाच होते. बोलता बोलता ढालींचा विषय निघाला, आणि बाईंनी त्यांना तिथेच वर्गावर येऊन बोलायचं आमंत्रण दिलं. काकांनी ते इतक्या गंभीरपणे घेतलं की चार दिवस त्यांच्या घरातला दिवा आणि प्रिंटर बंद झाला नाही. माझी खाणीतली सुट्टीची पाळी होती म्हणून तक्ते धरायला त्यांनी मला सोबत घेतलं. सदतीस डिग्रीत काका कोट-टाय घालून आले. वाटेत मी विचारलं, इरा असेल वर्गात, माहीत आहे ना? ते म्हणाले, "मी तज्ज्ञ म्हणून चाललोय, आहेर. वैयक्तिक काही नाही." आणि टाय तीनदा सैल करून पुन्हा घट्ट केली.

मला वाटलं होतं मुलं कंटाळतील. उलट झालं. काकांनी एका मुलीच्या हातात पुठ्ठ्याची ढाल दिली, दुसऱ्या मुलाला समोर उभं केलं आणि दोघांना एकदम विचारलं, उजवी कुठली? दोघांनी वेगवेगळ्या दिशेला बोट केलं आणि वर्ग हसून लोळला. त्यांनी सोनं, चांदी, रंग सगळं समजावलं. पर्पल हा रंग मुळात समुद्रातल्या गोगलगायींतून निघाला, हे सांगितल्यावर मुलांनी समाधानानं "यक" केलं. मग काका म्हणाले, आता तुम्ही आपली ढाल नव्यानं काढा, कुठलाही रंग घ्या, फक्त पर्पल जपून, कारण पर्पल इज व्हेरी रेअर.

नऊ वर्षांच्या मुलांना एखादी गोष्ट दुर्मिळ आहे असं सांगू नये. मी मागे उभा राहून जांभळ्या खडूंसाठी झालेली झटापट बघितली. मिसेस डॉयलना शेजारच्या वर्गातून जांभळे खडू मागवावे लागले. चोवीस मुलं, त्यात एकोणीस ढाली जांभळ्या. एकीवर क्वॉड बाइक, एकीवर तीन पायांचा कुत्रा, एकीवर खायचा मीट पाय, एकीवर कोणाच्या तरी मोठ्या भावाचा प्लास्टरमधला हात. काका बाकांमधून फिरत होते आणि प्रत्येक ढालीपाशी त्यांचा चेहरा थोडा थोडा पडत होता. मला हसू दाबवत नव्हतं.

तेवढ्यात मीट पायवाल्या मुलानं विचारलं, तुझ्या ढालीवर काय आहे? काका म्हणाले, मला ढाल नाही. मुलानं विचारलं, का? सगळा वर्ग वर बघायला लागला, इरासुद्धा. काकांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले की आता घंटा होईल, आवरा. घंटेला अजून वीस मिनिटं होती.

त्या शुक्रवारी दुपारी ते आमच्या पॅटिओवर आले. बरोबर पुठ्ठ्याचं खोकं, त्यात चोवीस ढाली. मिसेस डॉयलनी प्रत्येकीवर तज्ज्ञाची एक ओळ लिहून मागितली होती. रुचानं चहा ठेवला. काकांनी खोकं उघडलं, पाच ढाली भराभर लिहून बाजूला केल्या, लाल, निळ्या, हिरव्या. उरलेल्या एकोणीस टेबलावर तशाच राहिल्या. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मी म्हटलं, काका, मुलं आहेत, लिहा 'छान'. ते म्हणाले, खोटं कसं लिहू?

इरा आतून आली. तिला रुचानं पाठवलं असणार, हातात बिस्किटांची बशी होती. बशी ठेवून ती गेली नाही. तिनं गठ्ठ्यातून आपली ढाल काढून वर ठेवली आणि विचारलं, "व्हाय डू यू हेट इट सो मच?"

काकांनी ढाल जवळ ओढून तिच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "माझ्या मुक्तानंपण जांभळीच काढली होती गो."

मुक्ता त्यांची मुलगी. तिचं नाव आम्ही ऐकून होतो, रविवारी ती फोन करते हेही माहीत होतं, पण त्यापलीकडे कधी विषय निघाला नव्हता. काकांनी त्या दिवशी जे सांगितलं ते असं. ते इथे आले तेव्हा मुक्ता नऊ वर्षांची होती. नवा देश, नवी शाळा, वर्गात दुसरं भारतीय मूल नाही. तिलाही असंच ढाल काढायला सांगितलं होतं. तिनं जांभळी काढली, मध्ये वेंगुर्ल्याच्या घराजवळचं जांभळाचं झाड. काकांना वाटलं, मुलगी नवीन आहे, हिचं काही चुकायला नको, कोणी हसायला नको. ते लायब्ररीत गेले, तिथे ढालींवरचं एकच पुस्तक होतं, त्यात लिहिलं होतं की जांभळा फारसा वापरत नाहीत, काही लोक मानतच नाहीत. मुक्ता झोपल्यावर त्यांनी पोस्टर कलर काढले आणि ती ढाल निळी करून टाकली. झाड सोनेरी केलं. अगदी नियमात बसवली. शाळेत तिला स्टार मिळाला, ढाल भिंतीवर लागली.

"घरी आल्यावर मला म्हणाली, बाबा, ती माझी नाहीये," काका म्हणाले. "वर्ष संपलं तेव्हा तिनं ती घरी आणलीच नाही. टीचरनं मला आणून दिली."

तीन वर्षांनी मुक्ता आणि तिची आई मेलबर्नला गेल्या. आईला या गावात राहणं जमत नव्हतं. काकांना लॅब सोडवत नव्हती. भांडण असं नव्हतं, काका म्हणाले, फक्त त्या गेल्या आणि मी राहिलो. मुक्ता आता एकतीस वर्षांची आहे, होबार्टला प्राण्यांची डॉक्टर आहे. ती गेल्यानंतर काकांनी ढालींची आणखी पुस्तकं मागवली. एक, मग दुसरं, मग कपाटभर. त्यातल्या दुसऱ्याच पुस्तकात त्यांना कळलं की जांभळा दुर्मिळ असला तरी चुकीचा कधीच नव्हता.

मी म्हटलं, मग तेव्हापासून सगळ्यांना 'नाही' का म्हणत आलात? काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मला विचारल्याची लाज वाटली.

"तिला दिला नाही," ते म्हणाले, "तो दुसऱ्या कोणाला कसा देऊ?"

इरानं विचारलं की हे तू तिला सांगितलंस का. काका म्हणाले, आता काय सांगायचं, किती वर्षं झाली. इरानं बशीतलं बिस्किट उचललं आणि म्हणाली, "यू जस्ट से सॉरी, काका. इट टेक्स लाइक टू सेकंड्स."

काकांनी घरी जाऊन ती ढाल आणली. दोन पुठ्ठ्यांमध्ये जपलेली, कोपरे पिवळे पडलेले. निळा रंग बारकाईनं दिलेला होता, पण कडेकडेनं खालचा जांभळा अजून दिसत होता. काका म्हणाले, तशीच नवी करून पाठवतो, जांभळी, चांगल्या कागदावर. त्यांचे डोळे चमकायला लागले होते, कुठला शेड, कुठला ब्रश. रुचा इतका वेळ दारात उभी होती. ती म्हणाली, "परत तुम्हीच रंगवणार?"

काकांनी कागद हळूच पुन्हा पुठ्ठ्यात सरकवला.

शेवटी जुनी ढालच गेली, जशीच्या तशी. सोबतच्या पत्राचे आठ-नऊ मसुदे झाले. पहिल्यात गोगलगायींचा इतिहास होता. मला वाचायला दिलेल्या शेवटच्या कागदावर दोनच ओळी होत्या: मुक्ता, जांभळा बरोबर होता. मी चुकलो.

त्याच आठवड्यात त्यांनी एकोणीस मुलांनाही एकोणीस पत्रं लिहिली, शिक्क्यासकट. आम्हाला ती त्यांनी मराठीत करून वाचून दाखवली. 'जांभळ्या भूमीवर मीट पाय, सोनेरी, वाफाळता. मान्य.' 'जांभळ्या भूमीवर कुत्रा, चांदीचा, पाय तीन, शेपूट हलती. मान्य.' इराच्या पत्रात गुलाबी रंगाबद्दल एक वेगळा परिच्छेद होता, त्यात त्यांनी कोणत्याही पुस्तकाचा आधार न देता स्वतःच्या जबाबदारीवर परवानगी दिली होती. ते पत्र तिच्या पलंगाच्या वर भिंतीवर लागलं. कढीपत्ता पुन्हा सुरू झाला. सुपरमार्केटमध्ये मुलं त्यांना हाका मारायला लागली, शील्ड मॅन, शील्ड मॅन, आणि काका ट्रॉली थांबवून प्रत्येकाच्या ढालीची चौकशी करायचे.

पण होबार्टहून काही आलं नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. रविवारचा फोन आला तेव्हा मुक्ता पत्राबद्दल काही बोलली नाही, आणि काकांनी विचारलं नाही. पोस्टाचा माणूस येण्याच्या वेळेला ते पत्रांचा डबा साफ करत उभे असायचे. इतका स्वच्छ लेटरबॉक्स अख्ख्या गावात नव्हता. एकदा त्यांनी आमच्याकडे पितळी वाटीतलं श्रीखंड एक अक्षर न बोलता खाल्लं, तेव्हा मात्र रुचा घाबरली. मला म्हणाली, आपण उगाच सल्ले दिले का रे?

तिसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, मी शिफ्टहून परत येत होतो तर काका रस्त्यातच उभे. फोन आला होता. टपाल तिच्या जुन्या पत्त्यावरून फिरून कालच पोहोचलं होतं. मी विचारलं, काय म्हणाली? काका हसत होते, पण ते हसू कुठे ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं.

"तिला ती ढाल आठवतच नाही, आहेर."

बावीस वर्षं हा माणूस एका रंगाला दाराबाहेर उभं करून बसला होता, आणि जिच्यासाठी, तिला आठवत नव्हतं. काका पुढे म्हणाले की ती झाड बघून खूप हसली, म्हणाली हे ब्रोकोलीसारखं दिसतंय, आणि तिनं ते फ्रिजवर लावलंय. मग बोलता बोलता तिनं सांगितलं की तिला आठवतं ते वेगळंच. त्या दोघी मेलबर्नला निघाल्या, त्या दिवशी बाबा विमानतळाच्या आत आले नाहीत. गाडीतच बसून राहिले. ती काचेतून बघत होती.

"आत गेलो असतो तर सोडलंच नसतं," काका म्हणाले. "पण हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं."

दोघं दीड तास बोलले होते. लॅबमध्ये केव्हनं त्यांचं काम उरकलं आणि कोणाला काही कळू दिलं नाही. आणि मुक्ता ईस्टरला येणार होती, चार दिवस.

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात लग्नघरासारखे गेले. काकांच्या दुसऱ्या खोलीत पुस्तकं, कागद आणि गेलेल्या घरांच्या ढालींच्या नकला छतापर्यंत होत्या. ते सगळं आमच्या गॅरेजमध्ये आलं. मी आणि तुपेनं मिळून पलंग जोडला. मुक्ताला विमानतळावरून आणायला कोण जाणार यावर चर्चाच झाली नाही. काकांनी सांगून टाकलं, मी जाणार, आणि आत जाऊन उभा राहणार.

आदल्या शनिवारी ते रुचाला आणि मला घेऊन चादरी-उशांच्या दुकानात गेले. चादर पाच मिनिटांत झाली. उशांच्या मांडणीसमोर मात्र काका अडकले. ते एकेक उशी हातानं दाबून बघत होते, कानाशी धरत होते, परत ठेवत होते. मी दोन उशा धरून उभा होतो, एक कडक, एक मऊ. शेवटी त्यांनी रुचाला विचारलं, "मुक्ता कसल्या उशीवर झोपत असेल?"

रुचा म्हणाली, फोन करून विचारा की. काकांनी फोन काढला, बघितला, म्हणाले ती आत्ता दवाखान्यात असेल, आणि खिशात टाकला. दोन पावलं पुढे गेले. मग पुन्हा काढला आणि कानाला लावून पडद्यांच्या विभागाकडे निघून गेले. लांबून आम्हाला त्यांची पाठ दिसत होती, आणि एक हात, जो हवेत उशीचा आकार दाखवत होता.

बऱ्याच वेळानं ते परत आले.

"मऊ," ते म्हणाले, आणि माझ्या हातातली कडक उशी घेऊन ती जागेवर ठेवून आले.